टिपचे पैसे आणि रिटर्नचा कागद

चाकणच्या कारखान्यात आलेल्या पाहुण्याला पहाटे लोहगाव विमानतळावर सोडणारा कॅबवाला, मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत घरोघरी जाऊन फेशियल-थ्रेडिंग करणारी ब्यूटिशियन, भोसरीच्या वर्कशॉपमधला माल ‘छोट्या हत्ती’तून पोचवणारा टेम्पोवाला, वाकडमध्ये रात्री अकरालाही जेवण घेऊन जिने चढणारा डिलिव्हरीवाला. या सगळ्यांना ठरलेल्या पैशांच्या वर अधूनमधून काही मिळत असतं. कुणी ‘राहू द्या सुट्टे’ म्हणतं, कुणी ॲपवर तीस रुपये जोडतं, दिवाळीत कुणी पाकीट हातात ठेवतं. हे पैसे आयकराच्या हिशेबात धरायचे का?

धरायचे. तुमचा स्वतःचा धंदा असेल तर ग्राहकाने खूश होऊन दिलेली टिप ही धंद्याचीच जमा आहे. आयकर कायद्यातल्या कलम २८ मध्ये धंद्यातून मिळणारा लाभही उत्पन्नात धरला आहे आणि हा लाभ रोख असो की वस्तूच्या रूपात, दोन्ही त्यात येतात, हे २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच झालं आहे. मात्र ‘उत्पन्नात धरायचे’ आणि ‘कर भरायचा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ज्याचं एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे त्याला सवलतीनंतर कर शून्य येतो. चाकण ते वाकडच्या या पट्ट्यात टिप मिळवणारे बहुतेक जण या १२ लाखांच्या रेषेच्या खूप खाली आहेत. म्हणजे टिप लपवून त्यांचा एक रुपयाही वाचत नाही. उलट दोन-तीन वर्षांनी रावेत किंवा चऱ्होलीत घर घ्यायचं म्हटलं की हेच न दाखवलेले पैसे आडवे येतात. कसे, ते पुढे आकड्यांत पाहू.

त्याआधी दोन गैरसमज. पहिला: ‘टिप म्हणजे गिफ्ट, आणि ५० हजारांपर्यंतच्या गिफ्टला टॅक्स नसतो.’ नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते, हे खरं. पण ती भेट असावी लागते. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी हे काम केलं नसतं तर या माणसाने मला हे पैसे दिले असते का? नसते दिले, तर ती भेट नाही. दिवाळीला नेहमीच्या ग्राहकांकडून मिळणारी पोस्तही याच हिशेबाने धंद्याची जमा ठरते. मावशीने भाऊबिजेला दिलेले पाचशे मात्र त्यात घालू नका, मावशी नातेवाईक आहे.

दुसरा गैरसमज अमेरिकेहून आलेला आहे. ४ जुलै २०२५ रोजी तिथे सही झालेल्या कायद्याने टिप मिळणाऱ्यांना २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५ हजार डॉलरपर्यंत वजावट दिली, स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही. ‘टिपवर टॅक्स नाही’ हे तीन शब्द तिथून मोबाइलवर इकडे येतात आणि ‘तिकडे’ हा शब्द वाटेत गळतो. भारतात टिपसाठी अशी वेगळी सवलत नाही. तिकडेही ती मर्यादेतच आहे, आणि सामाजिक सुरक्षेचा कर टिपवर लागतोच.

नोकरीत असाल तर

हॉटेलात पगारावर असलेल्या वेटरचं थोडं निराळं आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. हॉटेलांच्या बिलावर कार्डाने दिलेली टिप मालक जमा करून कर्मचाऱ्यांना वाटतो. तिला पगार समजून मालकाने त्यावर टीडीएस कापायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. आयटीसी कंपनीच्या या प्रकरणात न्यायालयाने २६ एप्रिल २०१६ रोजी सांगितलं की टिप ग्राहक देतो, मालक ती फक्त विश्वस्तासारखी सांभाळून पुढे पोचवतो, म्हणून तो पगार नव्हे. याचा अर्थ ती करमुक्त झाली असा मात्र नाही. कर्मचाऱ्याने ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवायची. बिलात हॉटेलने स्वतः लावलेला सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप नव्हे, तो हॉटेलच्या जमेचा भाग, त्यावर जीएसटीही लागतो.

आता स्वतःचा धंदा असलेल्यांकडे येऊ. चाकणला शिफ्ट करून शनिवार-रविवार मेंदीच्या ऑर्डरी घेणारेही यात आले: पगार पगाराच्या रकान्यात, मेंदी आणि तिची टिप धंद्याच्या.

वहीचं एक पान

टिपचा सगळा घोळ नोंद नसण्यात आहे. सेवेचे पैसे लक्षात राहतात, कारण दर ठरलेला असतो. टिप चहा-पेट्रोलमध्ये विरघळते. म्हणून रोज रात्री पाच मिनिटं द्या, आणि ॲप वगैरेच्या मागे न लागता साधी दोनशे पानी वही घ्या. एका ब्यूटिशियनचं दिवसाचं पान असं दिसेल: ‘शुक्रवार. वाकड, फेशियल १,२००, यूपीआय. टिप १००, रोख. पिंपळे सौदागर, वॅक्सिंग ८५०, रोख, टिप नाही. ताथवडे, नवरीची ट्रायल २,५००, यूपीआय. टिप ३००, यूपीआय, मदतनीस मुलीला त्यातले १००. पेट्रोल २००. वॅक्सचा डबा ४२०, बिल आहे.’ बस, एवढंच. कामाचे पैसे आणि टिप वेगळी, रोख आणि यूपीआय वेगळं, खर्च खाली.

यातला मदतनीस मुलीचा शंभराचा आकडा साधा वाटतो, पण तो दोन प्रकारचा असू शकतो. ग्राहकाने ‘दोघींत वाटून घ्या’ म्हणून तीनशे दिले असतील, तर तुमची टिप दोनशेच, शंभर तिचे. तुमच्या वहीत दोनशे लिहा. तीनशे तुम्हाला दिले आणि तुम्ही राजीखुशीने त्यातले शंभर तिला दिलेत, तर तीनशे तुमची जमा आणि शंभर तुमचा खर्च. सलूनमध्ये टिपचा डबा असतो आणि रविवारी रात्री तो खुर्चीवाल्यांत वाटला जातो, तिथेही हाच नियम: प्रत्येकाने आपल्या वाट्याची नोंद करायची. ज्याच्या क्यूआर कोडवर सगळ्यांची टिप येते त्याने वाटपाचा कागद ठेवायलाच हवा, सह्यांसकट. नाहीतर बँकेच्या लेखी ती सगळी रक्कम त्याचीच.

क्यूआरवरून आठवलं. धंद्याचे पैसे, मेव्हण्याने परत केलेले उसने आणि भिशी हे सगळं एकाच खात्यात येत असेल, तर वर्षअखेरीस कोणता रुपया कशाचा हे तुम्हालाही सांगता येणार नाही. धंद्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि ग्राहकाला तोच क्यूआर दाखवा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. पाटी लावून जुनी नोंद पुसली जात नाही. ज्याच्या खात्यात धंद्याचेच पैसे असतात आणि हाताशी वही असते, त्याला उत्तर देणं तुलनेने सोपं जातं.

ॲपवरून मिळणारी टिप साधारणपणे आठवड्याच्या पेआउटमध्ये वेगळ्या ओळीत दिसते. ती ओळ महिन्यातून एकदा डाउनलोड करून ठेवा. ॲप बदललं, आयडी बंद झाला की जुने तपशील मिळवताना नाकी नऊ येतात.

चाकण पट्ट्यात आणखी एक प्रकार घडतो. जर्मन, जपानी किंवा कोरियन पाहुणा उतरताना चालकाच्या हातात युरो-येनची नोट ठेवतो. तुम्ही केलेल्या सेवेसाठी परदेशी पाहुण्याने दिलेलं परकीय चलन घेणं गुन्हा नाही, २ हजार डॉलरच्या किमतीपर्यंत नोटा जवळही ठेवता येतात. पण ती नोट ओळखीच्या कुणाला ‘बदलून’ देऊ नका. अधिकृत मनी चेंजरकडे किंवा बँकेत द्या, पावती घ्या आणि पावतीवरचा रुपयांतला आकडा वहीत टिप म्हणून लिहा.

रिटर्नमध्ये टिप कुठे बसते

बहुतेकांसाठी आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’, पुरतो. त्यात कलम ४४एडीची अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर हिशेबाची पूर्ण पुस्तकं न ठेवता रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. टिप या जमेतच मिळवायची, वेगळा रकाना नसतो. न्हावी, ब्यूटिशियन, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, डिलिव्हरीवाले, कॅबवाले यात बसतात. कमिशनवर काम करणारे, म्हणजे विमा एजंट वगैरे, बसत नाहीत. इंटिरियर डेकोरेटर किंवा तांत्रिक सल्लागार असाल तर ४४एडीए लागतं, तिथे किमान ५० टक्के.

टेम्पोवाल्यांसाठी ४४एई आहे. मालवाहू गाडी स्वतःच्या नावावर, एका वेळी दहापेक्षा जास्त नाहीत आणि गाडी हलकी असेल, तर दर गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये, म्हणजे एका छोट्या हत्तीचे वर्षाला ९० हजार. माल उतरवल्यावर सुपरवायझरने दिलेलं चहापाणी याच्या बाहेरचं नाही. मात्र प्रत्यक्ष कमाई ९० हजारांहून जास्त असेल तर ती जास्तीची रक्कम दाखवायची. एक चूक इथे वरचेवर होते: कंपनीचे कामगार नेणारी गाडी ही मालवाहू नव्हे. स्टाफची कॅब किंवा बस चालवणाऱ्याने ४४एई लावू नये, त्याचं ४४एडी.

आता आकडे. समजा आपल्या ब्यूटिशियन ताईंची वर्षाची सेवेची जमा ५ लाख ८० हजार: यूपीआय ४ लाख ६० हजार, रोख १ लाख २० हजार. टिप यूपीआयवर २२ हजार, रोख २६ हजार. एकूण जमा ६ लाख २८ हजार. डिजिटल ४,८२,००० चे ६ टक्के २८,९२० आणि रोख १,४६,००० चे ८ टक्के ११,६८० मिळून ४०,६०० रुपये. या किमान हिशेबात ४८ हजारांच्या टिपने उत्पन्न वाढलं ते फक्त ३,४०० रुपयांनी.

इथेच पुष्कळ जण थांबतात आणि ४०,६०० लिहून मोकळे होतात. मला हे दोन कारणांनी पटत नाही. एक, कलमातले ६ आणि ८ टक्के हे किमान आहेत, आणि प्रत्यक्ष मिळालेली त्याहून जास्त रक्कम दाखवण्याची सोय त्याच कलमात आहे. सामान, पेट्रोल, मोबाइल, मदतनीस असा १ लाख ९० हजार खर्च जाऊन ताईंच्या हातात खरे ४ लाख ३८ हजार राहिले असतील, तर तेच लिहावेत. दोन, कर कितीने वाढतो ते पाहा: नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या ३८ हजारांवर ५ टक्के म्हणजे १,९००, आणि तेवढीच सवलत मिळून देणं शून्य. ४०,६०० दाखवले तरी शून्य, ४,३८,००० दाखवले तरी शून्य.

फरक पडतो बँकेत. गृहकर्जाला स्वयंरोजगारवाल्यांकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. एका कागदावर महिन्याचं उत्पन्न ३,३८३ रुपये दिसतं, दुसऱ्यावर ३६,५००. पहिल्या कागदावर कुणी हप्ता मंजूर करणार नाही. टिपचे महिन्याचे चार हजार हेही या ३६,५०० मध्येच आहेत, आणि कर्जाची रक्कम ठरताना ते मोलाचे असतात. शिवाय हिशेबात नसलेली टिप साठून कधीतरी सोन्यात, गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये किंवा खात्यात एकदम दिसतेच. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. कुठून आली हे सांगता आलं नाही, तर त्या रकमेवर नेहमीच्या टप्प्यांनी कर लागत नाही. दर फार चढा असतो आणि १२ लाखांची सवलत तिथे चालत नाही.

रिटर्न भरण्याची सक्ती कर शून्य आहे म्हणून संपत नाही, हेही सांगायला हवं. एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की नव्या प्रणालीत रिटर्न भरावंच लागतं. सवलत त्यानंतरची गोष्ट आहे. वरच्या उदाहरणात टिपशिवाय ताई ३ लाख ९० हजारांवर, म्हणजे रेषेच्या आत होत्या. टिपने त्यांना रेषा ओलांडायला लावली.

जिथे टिप खरोखर बोचते

१२ लाखांच्या आसपास असणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. समजा निगडीतल्या चार खुर्च्यांच्या सलूनच्या मालकाचं उत्पन्न ११ लाख ९० हजार आणि वर टिप ३० हजार. एकूण १२ लाख २० हजार. नुसत्या टप्प्यांनी कर ६३ हजार आला असता, पण कायद्यात किरकोळ ओलांडणाऱ्यांसाठी दिलासा आहे: कर १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. म्हणून २० हजार, त्यावर ४ टक्के उपकर धरून २०,८००. तीस हजारांच्या टिपपैकी वीस हजारांवर गेले. इथे लपवण्याचा मोह होतो, हे मी नाकारत नाही. पण उपाय वहीत आहे: टिपमधला कारागिरांचा वाटा खरोखर त्यांचा असेल तर तो तुमच्या जमेत येऊच नये. ४४एडी सोडून पूर्ण हिशेब ठेवणं हाही मार्ग आहे. मात्र एकदा ४४एडी घेऊन पाच वर्षांच्या आत बाहेर पडलं की पुढची पाच वर्षं ते पुन्हा मिळत नाही. हा निर्णय सीएसोबत बसून घ्या. कराचं देणं १० हजारांच्या वर जाणार असेल तर ४४एडीवाल्यांनी सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो.

जुन्या करप्रणालीत राहिलात तर वरची गणितं लागू नाहीत; तिथे कर शून्य होण्याची मर्यादा ५ लाखांचीच आहे.

जीएसटीबद्दल थोडक्यात. सेवेची उलाढाल महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि कॅब किंवा स्थानिक डिलिव्हरीसारख्या काही सेवांत जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीवरच टाकलेली आहे. २० लाखांच्या जवळ पोचलेल्यांनी टिप धरून मोजावं आणि सल्ला घ्यावा.

कापलेले पैसे परत मिळवा

रिटर्न भरण्यात पैसे मिळण्याचीही बाजू आहे. चाकणच्या कंपनीला किंवा तिच्या ट्रॅव्हल कंत्राटदाराला गाडी लावणाऱ्या कॅबमालकाच्या बिलातून सहसा १ टक्का टीडीएस कापला जातो. वर्षाची बिलं ९ लाखांची असतील तर ९ हजार सरकारकडे जमा आहेत. कर शून्य असेल तर ते पूर्ण परत मिळतात, पण रिटर्न भरल्याशिवाय नाही. ॲपवरच्या कामालाही टीडीएस आहे: १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला, आणि पॅन दिलेला असेल व वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर कापतच नाहीत. पॅन दिला नसेल तर ५ टक्के जातात. ॲपच्या प्रोफाइलमध्ये पॅन भरला आहे का, हे आजच पाहा.

भरायला बसण्याआधी आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस उघडा. कंपनीने, ॲपने, बँकेने तुमच्याबद्दल काय कळवलं आहे ते तिथे दिसतं. तुमची वही त्या आकड्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर काळजी नाही, कारण रोख टिप तिथे दिसतच नसते. कमी दाखवत असेल तर आधी कारण शोधा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र १९६१ च्याच कायद्याने भरायचं. मुदत त्या त्या वर्षी पोर्टलवरच बघा, ऐकीव तारखेवर जाऊ नका. २०२५ मध्ये ३१ जुलैची १५ सप्टेंबर आणि शेवटच्या रात्री १६ सप्टेंबर झाली होती. मुदत चुकली तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १ हजार, त्यावर ५ हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क आहे. आणि रिटर्न सबमिट केलं की काम संपलं असं समजू नका: तीस दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर भरलेलं रिटर्न वेळेत भरलेलं धरलं जात नाही, आणि ९ हजारांचा परतावाही तिथेच अडकून राहतो.